दोन अख्ख्या लाद्या

नियोजन कशाला म्हणतात ते बघायचं असेल तर माझ्याकडे या! बीदरजवळ कोळारच्या औद्योगिक वसाहतीत गेली एकवीस वर्षं मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतोय. तिथं एक नट इकडचा तिकडे झाला तरी मालकाच्या आधी मला कळतं. त्यामुळे मैत्रेयीचा, म्हणजे आमच्या लेकीचा, साखरपुडा बसवकल्याणजवळच्या कोहिनूरला, गावच्या घरी करायचा ठरला तेव्हा मी सगळ्यांना एकच सांगितलं, "कुणी कायबी करू नका. मी हाय!"

हे वाक्य ऐकलं की माझी बायको, ज्योत्स्ना, सगळं परत एकदा मोजायला घेते. तिचा स्वभावच तसा आहे, शंकेखोर.

हा साखरपुडा आधी दोनदा पुढे ढकलला गेला होता. एकदा मुलाची आत्या वारली, एकदा त्याच्या वडिलांना निवडणुकीची ड्यूटी लागली. मुलगा अमरदीप, उमरग्याचा. पवनचक्क्यांच्या कंपनीत इंजिनिअर. त्याच रात्री त्याची सोलापूरहून गुजरातची गाडी होती आणि मग दिवाळीपर्यंत सुट्टी नाही. मधल्या काळात त्याच्या मामांनी लातूरची एक मुलगी 'सहज' सुचवून ठेवली होती. म्हणजे आज झालं तर झालं! मैत्रेयी बीदरच्या दवाखान्यात नर्स आहे, बोलून दाखवणारी पोर नाही. पण तीच पांढरी साडी तिनं तिसऱ्यांदा इस्त्री केली, तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. मी मनात म्हटलं, रत्नपाल, या वेळेला काही चुकता कामा नये.

मे महिना, पारा त्रेचाळीसवर, वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही. अशात उमरग्याच्या मंडळींना कोमट मठ्ठा पाजायचा? छे! मी सकाळीच नागेंद्रचा मालाचा ऑटो घेतला आणि बसवकल्याणला बर्फाच्या दुकानात जाऊन उभा राहिलो.

दुकानाचा मालक बंडेप्पा. खांद्यावर टॉवेल, हातात हातोडा.

"किती पायजे, अण्णा?"

"दोन लाद्या."

"फोडून देऊ?"

"अज्याबात न्हाई! अख्ख्या दे. फोडल्या की लवकर वितळत्यात."

बंडेप्पाचा हातोडा हवेतच थांबला. "दोन्हीबी अख्ख्या?"

"दोन्ही. दुपारी चारपत्तर टिकल्या पायजेत. लांबून माणसं यायलेत."

त्यानं हातोडा खाली ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "घरात मोठे तात्यारावच ना?"

"व्हय, तात्याच. शहाऐंशी चालू हाय."

"भरपूर आयुष्य, अण्णा. कुणाला मिळतंय एवढं?" असं म्हणून त्यानं स्वतः पोती अंथरली, लाद्या हळूच ठेवल्या, वर लाकडाचा भुसा पसरला आणि आतून अगरबत्तीचा एक पुडा आणून माझ्या हातात दिला. "हे माझ्याकडनं."

मी भारावून गेलो! एवढ्या उन्हात कोण कुणाला अगरबत्ती भेट देतं?

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. ती त्या दिवशी मला सोडून अख्ख्या तालुक्याला माहीत होती. आमच्या भागात रसवंतीवाला बर्फ नेतो तो फोडून. मासेवाला नेतो तोही फोडून. गोळेवाला, लग्नातला आचारी, ताप आलेल्या पोराचा बाप, सगळे फोडूनच नेतात. अख्खी लादी फक्त एकाच कामाला जाते. गावात कुणी गेलं आणि लेकरं पुण्याहून, हैदराबादहून यायची असली, की तोवर खाटेखाली ठेवायला! मी वीस वर्षं बीदरला क्वार्टरमध्ये राहिलेला माणूस. तिकडे असल्या वेळी दवाखान्यातून विजेवरची गार पेटी येते. मला काय ठाऊक?

येताना नागेंद्रनं गाणी लावली नाहीत. हॉर्न वाजवला नाही. भर सकाळी दिवा लावून बैलगाडीच्या चालीनं ऑटो चालवला.

"अरे, लाईट चालू राहिली की!"

"असू द्या, काका," तो खालच्या आवाजात म्हणाला.

समोरून येणारे मोटारसायकलवाले बाजूला थांबायचे, छातीला हात लावायचे. एकानं तर हेल्मेट काढलं! मी प्रत्येकाला मान हलवून नमस्कार करत होतो. कोळारात मला गेटवरचा वॉचमनसुद्धा ओळखत नाही आणि इथं बघा. गाव ते गावच!

घरासमोर राजूबाई मावशी ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. दोन्ही लाद्या आत जाताना पाहून त्यांच्या हातातलं सूप निसटलं.

"रत्नपाला! कवा रे?"

"चारला, मावशी! तुमी मात्र लवकर या. तुमच्याशिवाय कसं हुईल?"

मावशींनी डोळ्याला पदर लावला आणि आत फोनकडे धावल्या. तूर ओट्यावर तशीच.

लाद्या मी मागच्या खोलीत ठेवल्या. ती घरातली सगळ्यात अंधारी आणि गार खोली. माझे वडील, तात्या, काठी टेकत तिथं आले. गुडघ्यानं त्यांना हैराण केलेलं. त्यांनी लाद्यांकडे असं पाहिलं की जणू काश्मीरच घरी आलं!

"रत्नपाल, माझी खाट हितंच टाक."

"तात्या, ती पाहुण्यांसाठी..."

"बर्फ पाहुण्यास्नी. गारवा मला. त्येचं काय वितळायलंय का?"

शहाऐंशी वर्षांच्या माणसाशी कोण वाद घालणार? खाट टाकली. तात्यांनी बत्त्यानं लादीचा एक कोपरा फोडला, टॉवेलात गुंडाळून गुडघ्याला बांधला, पांढरी चादर डोक्यावरून ओढली आणि पाच मिनिटांत घोरायला लागले.

साडेअकरापासून माणसं यायला लागली. मी घड्याळ बघितलं. बोलावलंय चारला! पण ग्रुपवर मी बजावून सांगितलं होतं, 'सर्वांनी पांढरी वस्त्रे परिधान करून यावे', आणि आली ती माणसं एकजात पांढऱ्यात! आमच्या बौद्ध घरांत मंगलकार्याला पांढरं नेसतात आणि दुःखालाही पांढरंच. एकसुद्धा रंगीत सदरा दिसेना. मी ज्योत्स्नाला कोपरानं ढोसलं. "बघितलीस शिस्त?"

"आपण साठ माणसं सांगितलीत," ती म्हणाली. "ही शंभराच्या वर झाली."

"माणसं जोडलीत मी!"

बायका आल्या की सरळ ज्योत्स्नाच्या गळ्यात पडायच्या आणि रडायच्या. लेक सासरी जाणार या विचारानं तिलाही भरून आलेलंच. तीही हमसून हमसून रडायची. "आता घर रितं झालं गं," एकजण म्हणाली. "व्हय गं, रितं झालं," ज्योत्स्ना म्हणाली. दोघींचं अगदी पटलं.

मला फक्त एकच गोष्ट खटकत होती. मी ग्लासात बर्फाचे खडे टाकून लिंबाचं सरबत फिरवत होतो आणि कुणी हात लावेना! उन्हातून चालत आलेली माणसं, घशाला कोरड पडलेली, पण ग्लासातला बर्फ दिसला की दचकून मागे सरायची. राघोबा म्हणून आमचे शेतशेजारी, एरवी तांब्याभर चहा पिणारे, त्यांनी तर दोन्ही हात जोडले.

"नको रे रत्नपाल. हे पाणी कसं उतरंल घशाखाली?"

"का? गोड कमी हाय?"

राघोबांनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि शेजारच्याला म्हणाले, "डोक्यावर परिणाम झालाय बघ पोराच्या."

दीडच्या सुमाराला बौद्धाचार्यही आले. तेही अडीच तास आधी! मला बाजूला घेऊन म्हणाले, "सगळी मंडळी आली का?"

"उमरग्याची यायची हाईत. त्येंच्याशिवाय कसं करायचं?"

"बरोबर हाय. तवर वंदना घेऊ."

त्यांनी त्रिशरण पंचशील सुरू केलं. साखरपुड्यालाही तेच, शेवटच्या निरोपालाही तेच. शंभर-सव्वाशे माणसं हात जोडून गंभीर आवाजात म्हणत होती. मी पुढच्या रांगेत, सगळ्यात मोठ्यानं. इतका शांत, इतका भारदस्त साखरपुडा मी आयुष्यात बघितला नव्हता.

वंदना संपते न संपते तोच दारातून किंकाळी आली. माझी धाकटी बहीण राजश्री! बीदरहून बसनं निघालेली, बसवकल्याणच्या स्टँडवर उतरलेली.

"दादा! मला एक फोन करायचा न्हाईस?"

"पत्रिका पाठवली की ग्रुपवर!"

"असल्या गोष्टीची पत्रिका पाठवतोस?" ती जमिनीवरच बसली. "बंडेप्पानं सांगितलं म्हणून कळलं मला! सख्ख्या लेकीला बर्फवाल्यानं सांगायचं? मला तोंड तरी बघू दे रे!"

"कुणाचं तोंड?"

"तात्यांचं!"

"बघ की. मागं झोपलेत."

"झोपलेत म्हणतोय!" राघोबा हुंदका देत म्हणाले, आणि सगळी बायामाणसं एकदम ओक्साबोक्शी रडायला लागली.

त्या गदारोळात मागच्या खोलीचं दार उघडलं. डोक्यावर पांढरी चादर, गुडघ्याला टॉवेल, हातात काठी. दारात तात्या उभे!

"कामून बोंबलायलात?" ते ओरडले. "कोण मेलंय? आन् मला अजून च्या कामून दिना गेलाय कुणी?"

राजश्री जागच्या जागी आडवी झाली. राजूबाई मावशींचं डोकं भिंतीला आपटलं. बौद्धाचार्यांच्या हातातलं पुस्तक पडलं. सगळं अंगण तात्यांकडे बघत होतं आणि तात्या रिकाम्या कपबशीकडे बघत होते.

मग नागेंद्र पुढे आला, मान खाली घालून. "काका, अख्खी लादी मयतालाच नेत्यात की. तुमाला ठाव न्हाई?"

मी खांबाला धरलं. ज्योत्स्ना माझ्याकडे बघत होती.  

मैत्रेयी मात्र उठली, राजश्रीच्या कपाळाला बर्फ लावला, नाडी बघितली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पप्पा, उमरग्याला कळलं असंल का हे?"

 मी फोन काढला. आवाज बंद करून ठेवलेला, कार्यात व्यत्यय नको म्हणून! अमरदीपच्या वडिलांचे एकोणीस मिस्ड कॉल. खाली मेसेज, 'दुःखद वार्ता कळली. अर्ध्या वाटेवर होतो. साडी, अंगठी, पेढे घेऊन बायकांची गाडी परत पाठवली. आम्ही पुरुष मंडळी येत आहोत.'

मैत्रेयीनं तो मेसेज वाचला आणि आत जाऊन बसली. बाहेरूनसुद्धा मला तिच्या त्या तीनदा इस्त्री केलेल्या साडीची घडी दिसत होती. शरमेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकी त्या दिवशी आमच्या घरात मरायला तेवढा मीच उरलो होतो.

इकडे अंगणात निराळाच उत्सव! तो बर्फ मयताचा नाही हे कळल्याबरोबर दीडशे तहानलेली माणसं मागच्या खोलीत घुसली. राघोबांनी एकट्यानं सहा ग्लास सरबत प्यायलं. पोरांनी बत्त्यानं चुरा करून रंगीत गोळे केले. गजरेवालीनं मोगऱ्याच्या टोपलीत खडे भरले, तात्यांनी गुडघ्याला नवा खडा बांधून घेतला, आचाऱ्यानं अर्धी लादी पाण्याच्या पिंपात सोडली, राजूबाई मावशींनी भिंतीला आपटलेलं डोकं शेकवलं... शेकवलं नाही, गारवलं. कुणीतरी एक मोठा तुकडा टोपीत घालून टोपी डोक्यावर ठेवली आणि घरी गेला. मी ओरडत होतो, "अहो, मठ्ठ्यासाठी ठेवा!" कोण ऐकतंय? वीस मिनिटांत दोन अख्ख्या लाद्यांचा ओला भुसा उरला.

आणि तेवढ्यात दारात जीप थांबली.

अमरदीपचे वडील खाली उतरले. हातात मोठा पांढरा हार, डोळे लाल. मागे अमरदीप, मागे ते लातूरवाले मामा. तिघे वाकून आत आले, आणि समोर खुर्चीत तात्या, बशीतून चहा फुरकत.

व्याही तिथंच थांबले. हार दोन्ही हातांत तसाच.

"घाला की," तात्या मान पुढे करून म्हणाले. "आणलाय तर वाया कामून घालवता?"

त्यांनी बिचाऱ्यांनी खरंच घातला! मग मी हात जोडून, अडखळत, लाद्यांपासून अगरबत्तीपर्यंत सगळी हकीकत सांगितली. मामा घसा खाकरून म्हणाले, "असल्या घोळात कसं करायचं? दिवाळीत बघू. तवर विचारबी हुईल."

'विचार' म्हणजे लातूर, हे मला न सांगता कळलं.

अमरदीप पहिल्यांदाच बोलला. "मामा, आजोबा गेले म्हणून ऐकलं तरी आमी आलोच ना? मग जित्ते हाईत म्हटल्यावर परत कामून जायचं?"

व्याही माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "दुःखाला आलो होतो तुमच्या. सुखाला थांबायला काय हरकत हाय? फकस्त अंगठी गेली माघारी. आन् ह्येला पाच वाजता निघायचंय."

 नियोजन-बियोजन सगळं बाजूला राहिलं. ही माणसं रिकाम्या हातानं आली होती आणि माझ्या लेकीचं सगळं घेऊन आली होती. मी सरळ त्यांच्या गळ्यात पडलो.

"अंगठी माझी घ्या!" राजश्री उठून बसत ओरडली. चार बायकांनी बोटं पुढे केली. तात्यांनी काठी आपटली.

"उसन्या अंगठीवर कुणी नातं जोडतंय व्हय? घोळ कुणी घातला? रत्नपालनं. मग त्येचीच उतरवा!"

सगळ्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं. माझ्या लग्नातली अंगठी, सव्वीस वर्षांत एकदाही न निघालेली. तेव्हा बोट भेंडीसारखं होतं, आता वांग्यासारखं आहे. साबण लावला, तेल लावलं. नागेंद्रनं ओढली, मग अमरदीपनं ओढली. होणाऱ्या जावयाशी माझी पहिली खरी ओळख अशी झाली की त्यानं भिंतीला पाय लावून माझं बोट ओढलं! मी असा बोंबललो की राजूबाई मावशी परत ओट्यावरून धावत आल्या. "आता कोण?"

बोट लालभडक सुजलं. मैत्रेयी बाहेर आली. नर्सच ती. बोट एकदा बघितलं आणि म्हणाली, "ओढू नका कुणी. हात वर धरा, पप्पा. सूज उतरायला पायजे. बर्फ आणा."

 सगळे एकमेकांकडे बघायला लागले. राघोबांनी हातातला रिकामा ग्लास पाठीमागे लपवला. आचाऱ्यानं पिंपात हात घालून बघितला आणि मान हलवली. दोन लाद्या, अख्ख्या तालुक्याला रडवणाऱ्या, आणि त्यातला एक खडा शिल्लक नाही!

तात्यांनी बशी खाली ठेवली. वाकून, कण्हत, गुडघ्याचा टॉवेल सोडला. आत लिंबाएवढा तुकडा होता.

"घे," ते म्हणाले. "जित्या माणसाच्या बर्फाचा एवढाच उरलाय."

दहा मिनिटं मी दीडशे माणसांसमोर, झेंडावंदनाला हात वर राहिल्यासारखा, उभा होतो. मैत्रेयी बोटावर बर्फ फिरवत होती. पाणी माझ्या बाहीतून काखेत, काखेतून पायजम्यात. मध्येच ती हळूच म्हणाली, "पप्पा, परत 'मी हाय' म्हणू नका."

"न्हाई म्हणत, माय."

आणि ती हसली! त्याच क्षणी अंगठी निघाली. सुळकन निघाली, अंगणात उडाली आणि मामांच्या पायाशी जाऊन पडली. लातूरवाल्या मामांनी ती वाकून उचलली आणि, काय करणार, दीडशे माणसं बघत होती, अमरदीपच्या हातात दिली.

साडेचारला साखरपुडा झाला. बौद्धाचार्यांनी वंदना परत घेतली. या वेळी लोक हसत हसत म्हणाले. अंगठी मैत्रेयीच्या बोटात दोन वेढे दोरा गुंडाळून बसवली. जेवण साठ माणसांचं होतं, ते दीडशेंत वाटलं. मठ्ठा कोमट होता. उमरग्याच्या मंडळींना तो जन्मभर आठवेल याची मात्र मला खात्री आहे.

रात्री तात्या गळ्यातला हार काढायला तयार होईनात. "रत्नपाल," ते म्हणाले, "आता मी खराच गेलो की कोण येणार? सगळे म्हणतील, पोरीचं कायतरी कार्य असंल."

लग्न आता दिवाळीत आहे. मी बर्फाचं नाव काढलं नाही. पाहुण्यांना गार पाणी मिळावं म्हणून गेल्या आठवड्यात गावच्या घरी सरळ मोठा फ्रीज घेतला. टेंपो नागेंद्रनंच आणला, खड्ड्यात फ्रीज आदळू नये म्हणून अगदी हळू. चौघांनी ती लांबलचक पांढरी पेटी खांद्यावर घेतली आणि जपून आत नेली.

समोर ओट्यावरून सूप पडल्याचा आवाज आला. राजूबाई मावशी पदर डोळ्याला लावून अंगणात आल्यासुद्धा!

लिंबाखाली खाटेवर तात्या पडले होते. त्यांनी डोळेही उघडले नाहीत, नुसता हात हलवला.

"आज न्हाई, राजूबाई. आज फ्रीज हाय!"